आधी नकाशा, मग अर्थ

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी, ॲटनबरो नावाचं गाव आहे. मराठी वाचकाला हे नाव गावाचं म्हणून नाही, माणसाचं म्हणून ठाऊक असतं. रिचर्ड ॲटनबरोंच्या ‘गांधी’त रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली ऑस्कर मिळालं. रिचर्ड यांचे धाकटे भाऊ डेव्हिड तर प्राणी-पक्ष्यांच्या माहितीपटांमुळे घराघरांत पोचले. मी या भागात राहते आणि जुनी दप्तरं वाचणाऱ्या इथल्या मंडळींबरोबर बसते. लोक आपापली दुर्मीळ आडनावं घेऊन येतात आणि आम्ही ती कुठून आली ते शोधतो. या कामातून जे हाती लागलं, ते ॲटनबरो या आडनावाच्या आधाराने मांडते.

१. अर्थ नंतर विचारावा, आधी नकाशा पाहावा.

येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, ‘आमच्या आडनावाचा अर्थ काय?’ कोश उघडला की अर्थ मिळतोच, बहुधा दोन-तीन मिळतात, आणि तिथेच फसगत होते. इंग्लंडमध्ये ॲटवुड म्हणजे रानापाशी राहणारा, ॲटवेल म्हणजे झऱ्यापाशी राहणारा. त्याच चालीवर ॲटनबरो म्हणजे ‘गढीपाशी राहणारा’ असं सहज म्हणता येतं. पण गढ्या देशभर होत्या. अर्थ तसा असता तर हे आडनाव दहा ठिकाणी स्वतंत्रपणे उगवलं असतं आणि आज सगळीकडे विखुरलेलं दिसलं असतं. १८८१ च्या जनगणनेवरून काढलेला नकाशा वेगळंच सांगतो. नॉटिंगहॅमशायर आणि शेजारच्या डर्बीशायरमध्ये ॲटनबरोंची दाटी दिसते आणि गाव त्या दाटीतच बसलेलं आहे. आडनाव गावावरून आलं, याला याहून चांगला पुरावा कोशात सापडणार नाही. गावाच्या नावात मात्र गढी आहे: आद्दा किंवा तशाच नावाच्या कुणा अँग्लो-सॅक्सन माणसाची.

१८८१ चीच जनगणना का? कारण इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडची ती अख्खी जनगणना स्वयंसेवकांनी हाताने उतरवून काढली. मॉर्मन चर्च आणि वंशावळ-अभ्यासकांच्या मंडळांनी केलेलं ते काम इतकं मोठं आहे की त्या अनाम हातांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. शिवाय तेव्हा मोटारगाडी आलेली नव्हती. गिरण्या आणि रेल्वेने माणसं हलवली होती खरी, तरी बरीचशी दुर्मीळ आडनावं अजून आपल्या मूळ भागाला धरून होती.

हे उतरवण्याचं काम होण्याच्या कितीतरी आधी एका माणसाला आडनावांचा असा नकाशा सुचला होता. हेन्री ब्रॉहम गपी हे पेशाने शल्यचिकित्सक आणि वृत्तीने निसर्गअभ्यासक. वनस्पतींचा प्रसार पाहावा तसा त्यांनी आडनावांचा प्रसार पाहिला आणि १८९० मध्ये त्यावर ग्रंथ काढला. एकेका काउंटीच्या व्यापारी सूचीतून त्यांनी फक्त शेतकऱ्यांची आडनावं मोजली. शेतकरी जमीन सोडून सहसा हलत नाही, म्हणून जुनी वस्ती त्याच्याच आडनावात टिकते. इतक्या साध्या विचारावर उभं राहिलेलं हे काम मला आजही थोर वाटतं. गपी हे आडनावही डॉर्सेटमधल्या एका लहानशा जागेचं नाव आहे.

२. गावाचं नाव गाव सोडल्यावरच चिकटतं.

हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. चिपळुणात सगळेच चिपळूणचे. चिपळूणकर व्हायला चिपळूण सोडावं लागतं. इंग्लंडमध्येही तेच घडलं. म्हणून आडनावाचं गाव सापडलं की मी त्या गावात थांबत नाही. पाच, दहा, पंधरा मैलांवरच्या पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, दप्तरं काढते. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक यांचं घराणं स्टेपलफर्डचं. ॲटनबरो गाव तिथून काही मैलांवर आहे. मधे निदान सहा शतकं गेली आणि आडनाव एवढंच अंतर चाललं.

काळाचंही भान ठेवावं लागतं. १०६६ नंतर नॉर्मन जमीनदारांनी वंशपरंपरागत आडनावं आणली. सामान्य माणसांत ती रुजायला पुढची दोन-तीन शतकं लागली, उत्तरेकडे जरा अधिकच. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली तेव्हाच्या याद्यांत साध्यासुध्या माणसांची आडनावं घाऊक पाहायला मिळतात. वेल्समध्ये बापाचं नाव पुढे लावण्याची रीत कित्येक ठिकाणी अठराव्या शतकापर्यंत चालली, त्यामुळे तिथल्या आडनावांना हा हिशेब लावू नये.

३. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नये, कानावर ठेवावा.

पॅरिशच्या दप्तरात बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहायची आज्ञा १५३८ साली राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढली. लिहिणारा पाद्री किंवा त्याचा कारकून, सांगणारा बहुधा निरक्षर. कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. लँकेशायरमधल्या बरीजवळच्या एका ओढ्याकाठच्या जागेवरून आलेलं आडनाव आज शफलबॉटम, शफलबोथम, शिपरबॉटम अशा रूपांत भेटतं. ॲटनबरोचीही तऱ्हेतऱ्हेची स्पेलिंगं दप्तरांत आहेत. एकाच माणसाच्या बाप्तिस्म्याला एक, लग्नाला दुसरं आणि दफनाला तिसरं.

यावर मला एक उपाय सापडला तो आपल्या लिपीमुळे. दप्तरातलं प्रत्येक रूप मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहून काढते. रोमन लिपीत एकमेकांपासून लांब वाटणारी रूपं देवनागरीत एकाच ओळीत येऊन बसतात. मग त्या भागातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून ते नाव मोठ्याने म्हणून घेते. उत्तरेतला स्वर आणि लंडनचा स्वर एक नाही, आणि कारकून बाहेरगावचा असेल तर त्याने आपल्या स्वरात लिहिलेलं असतं.

४. दुर्मीळ म्हणजे उच्चकुलीन नव्हे.

आडनाव थोड्यांचं असलं की ते मोठ्या घराण्याचं असावं, असा समज फार खोल रुजलेला आहे. दुर्मीळपणाचं कारण बहुतेक वेळा अंकगणितात असतं. फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री विल्यम वॉटसन यांनी १८७४ मध्ये हाच प्रश्न गणिताने सोडवायला घेतला: आडनाव फक्त मुलगे पुढे नेत असतील आणि कुणाला मुलगे होतील, कुणाला होणार नाहीत हे दैवावर असेल, तर किती आडनावं कालांतराने नाहीशी होतील? उत्तर असं की नुसत्या योगायोगाने पुष्कळशी बुडतात. त्यात १३४८-४९ ची महामारी धरा. तिने इंग्लंडची एक तृतीयांश ते निम्मी माणसं नेली, आणि आडनावं नुकती रुजत असतानाच नेली. आज जे दुर्मीळ आडनाव उरलं आहे, त्याच्या वाटेवर कितीतरी पिढ्यांत एकच मुलगा जगलेला असू शकतो.

म्हणून आडनावाचं कुलचिन्ह छापलेल्या तसबिरी विकत घेऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही. ही व्यवस्था पाहणारी, १४८४ मध्ये स्थापन झालेली कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्थाही हेच सांगते.

५. रक्ताची तपासणी करा, पण उत्तर ऐकायची तयारी आधी करा.

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्रही तसंच जातं. दोन्ही वाटा कुठवर बरोबर चालतात? ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची तपासणी केली. यॉर्कशायर-लँकेशायर भागात फोफावलेल्या या आडनावाच्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत एकच वाय गुणसूत्र निघालं.

पुढचं मोठं काम लेस्टर विद्यापीठात झालं. अलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनए ठशांचा शोध लागला तो याच विद्यापीठात. तिथल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ हे आडनाव गावोगावच्या लोहारांवरून उगवलेलं, त्यामुळे दोन स्मिथांमधलं नातं वाटेवरच्या कुणाही दोघांपेक्षा जवळचं निघालं नाही. ॲटनबरोंमध्ये मात्र ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र एकच किंवा जवळजवळ एकच होतं. आज कुठेही राहणारे हे लोक बव्हंशी एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. नकाशाने जे सुचवलं होतं, ते रक्ताने पक्कं केलं. आणि हे सिद्ध झालं त्या विद्यापीठाची आधीची ओळख युनिव्हर्सिटी कॉलेज, लेस्टर. १९३२ ते १९५१ तिथले प्राचार्य होते फ्रेडरिक ॲटनबरो. तिथल्या उंच इमारतीला त्यांचंच नाव आहे.

पण किंग आणि जॉबलिंग यांच्या गटाचा २००७ चा निष्कर्ष मला याहून मोलाचा वाटतो. पूर्व यॉर्कशायरमधलं एक अतिदुर्मीळ आडनाव. तपासलेल्या १८ पुरुषांपैकी सात जणांचं वाय गुणसूत्र पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या गटातलं निघालं. कागदपत्रांतून त्यांच्या दोन वंशावळी १७८० च्या दशकातल्या यॉर्कशायरपर्यंत मागे गेल्या, आणि त्या दोन्ही मिळतात तो पूर्वज त्याही आधीचा असणार. हे लोक दिसायला, बोलायला, राहायला पूर्ण यॉर्कशायरचे. आपला एक पूर्वज आफ्रिकेतून आला, याची त्यांना कल्पनाही नव्हती. ‘अस्सल इंग्रज’ या शब्दांनी वाद घालणाऱ्यांपुढे मी या सात जणांची हकीकत ठेवते.

उलटही होतं. २०१२ मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली राजा तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. आईकडून मुलीकडे उतरणारा त्याचा डीएनए त्याच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी जुळला. कागदोपत्री अखंड असलेल्या पुरुषवंशाच्या, सॉमरसेट आडनावाच्या वंशजांशी त्याचं वाय गुणसूत्र जुळलं नाही. राजघराण्याच्या कागदांत हे होतं, तर कोणत्याही घरात होऊ शकतं. म्हणून तपासणीला नमुना देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. उत्तर त्यांच्याही आईवडिलांविषयी असतं.

६. दूरचा पुंजका दिसला की धंदा शोधावा.

नकाशावर मूळ भागापासून लांब एखादा ठिपका गडद दिसला, तर तिथे बहुधा एकच कुटुंब आणि एकच धंदा असतो. व्हिक्टोरियाकालीन लंडनमध्ये ॲटनबरो म्हटलं की लोकांना गहाण ठेवून पैसे देणारी पेढी आठवायची. शहरात या आडनावाच्या अनेक पेढ्या होत्या. एकाने धंदा जमवला की भाऊ, पुतणे उमेदवारीला येत आणि आडनाव शहरात वाढत जाई.

७. जळालेल्या कागदांची यादी जवळ ठेवावी.

१९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ मध्ये आगीत गेली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली, आणि पुढची पोकळी १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीने थोडीफार भरते. हे ठाऊक नसलं की माणसं नसलेले कागद शोधत बसतात.

८. बायकांची वाट सोडू नये.

आडनावाचा शोध म्हटलं की सगळे बापामागे बाप असे चढत जातात. यॉर्कशायरमधलं डायसन हे आडनाव डायोनिशिया नावाच्या बाईवरून आलं, चौदाव्या शतकात तिच्या मुलाला आईच्या नावाने ओळखत होते म्हणून. लग्नाशिवाय जन्मलेलं मूल आईचं आडनाव लावी. वाय गुणसूत्र जुळत नाही म्हणजे कुणी कुणाला फसवलं, असा निकाल लोक घाईने देतात. पुष्कळदा तिथे एका एकट्या आईने सांभाळलेलं मूल असतं, किंवा बापाविना राहिलेल्या पोराला कुणी आपलं नाव दिलेलं असतं. दुर्मीळ आडनाव टिकलं ते अशाही घरांमुळे, आणि मला या घरांबद्दल मोठा आदर आहे.

माहेरचं नाव शोधायच्या खुणा आहेत. बायका आपलं माहेरचं आडनाव मुलाचं मधलं नाव म्हणून ठेवत. अभियंता इझमबार्ड किंग्डम ब्रुनेल याच्या नावातलं ‘किंग्डम’ हे त्याच्या आईचं, सोफियाचं, माहेरचं आडनाव. स्कॉटलंडच्या जन्मनोंदींत १८५५ पासून आईचं माहेरचं आडनाव आहे. इंग्लंड-वेल्सच्या छापील जन्मसूचीत ते १९११ मध्ये आलं. आता नोंदणी कार्यालयाच्या नव्या सूचीत थेट १८३७ पर्यंत मागे शोधता येतं. लग्नाच्या नोंदीत मात्र इंग्लंड-वेल्समध्ये त्याच १८३७ पासून फक्त वर आणि वधूच्या बापांची नावं लिहीत होते. आयांच्या नावांना तिथे जागा मिळाली ती ४ मे २०२१ रोजी.