अनामिकांचे ऋण

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी येथे धम्मगिरी नावाचे विपश्यना केंद्र आहे. तेथे १९७६ पासून ध्यानाची शिबिरे भरत आली आहेत. शिबिर दहा दिवसांचे. पहाटे चारला घंटा होते, आणि दहाव्या दिवसापर्यंत साधक मौन पाळतात. निवासाचे वा भोजनाचे शुल्क कोणाकडूनही घेत नाहीत. मग खर्च भागतो कसा? पूर्वी शिबिर पूर्ण केलेल्या साधकांच्या दानातून! सेवेस उभे राहणारेही जुनेच साधक, वेतनावाचून राबणारे. ज्याच्या दानाने आपण जेवलो, त्याचे नावही नवख्याला ठाऊक नसते. मग ऋण फेडावे कोणाचे? मौन सुटल्यावर कोणी पुढे येणाऱ्यांसाठी यथाशक्ती दान ठेवतो. ज्याच्यापाशी द्रव्य नाही, तो पुढील शिबिरात वाढपी होऊन येतो.