नाडी मोजायला कॅनडाला कशाला?

गेल्या सोमवारी दवाखाना बंद करायच्या वेळी एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी फिजिओथेरपीची पदवीधर. तिला कॅनडात किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचे शास्त्र शिकायचे आहे. एजंटाने फॉर्म भरून ठेवला होता. फंडाचे पैसे मोडायचे आणि वर बँकेचे कर्ज काढायचे, असे घरात ठरले होते.

ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माणसाच्या चालण्या-पळण्यात शिकण्यासारखं एवढं काय असतं? आणि थेसिसवालं मास्टर्स नि बिनथेसिसचं, यात फरक काय? एजंट म्हणतो दोन्ही सारखंच."

दोन्ही सारखे नाही. हाच प्रश्न आणखी काही घरांत असेल, म्हणून आज त्याविषयी.

मी साधा एम.बी.बी.एस., प्रबंध लिहिलेला नाही. पण त्याचा पहिला धडा मला पहिल्या वर्षीच फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत मिळाला. 'हार्वर्ड स्टेप टेस्ट' नावाची एक चाचणी आहे. ती १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. २० इंच उंच पायरीवर मिनिटाला ३० वेळा, अशी ५ मिनिटे चढ-उतार करायची. मग खाली बसवून ठरावीक वेळाने नाडी मोजायची. नाडी जितकी लवकर खाली येते, तितका माणूस श्रमाला सरावलेला. माझ्या जोडीदाराची एक मोजणी हुकली आणि मी अंदाजाने आकडा लिहिला. सरांनी वही पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हे मोजलेलं नाही. पुन्हा कर." त्या मित्राला पुन्हा पायरी चढावी लागली. प्रबंध म्हणजे हेच: एक लहानसा प्रश्न घ्यायचा आणि त्याचे उत्तर अंदाजाने न देता मोजून द्यायचे. आम्ही डॉक्टर तुम्हाला 'रोज चाला' म्हणतो, त्यामागे कोणीतरी असेच मोजलेले आकडे असतात.

आता प्रत्यक्ष काय लागते ते पाहू.

(१) पदवी : तेथील विद्यापीठे साधारणपणे ४ वर्षांची पदवी मागतात. ३ वर्षांची बी.एस्सी. अनेक ठिकाणी चालत नाही. फिजिओथेरपीची पदवी असेल तर ही अडचण सहसा येत नाही. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते.

(२) मार्गदर्शक : हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. प्रबंधाच्या मार्गाने प्रवेश हवा असेल तर बऱ्याच विभागांत आधी एखाद्या प्राध्यापकाने 'मी हिला घेतो' असे म्हणावे लागते. त्यांचे संशोधन वाचून मुलीने स्वतः पत्र लिहायचे असते. ते काम एजंटाचे नव्हे.

(३) विषय : पेपर थोडेच असतात. त्यात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती जवळजवळ हमखास.

(४) परवानगी : माणसांवर प्रयोग करायचा तर आराखडा आधी नीतिसमितीकडे जातो. आपल्याकडेही हाच नियम आहे.

(५) तोंडी परीक्षा : मोजमाप करून, लिहून झाले की परीक्षकांसमोर बसून प्रत्येक आकड्याचा जाब द्यायचा. सारे मिळून सुमारे २ वर्षे.

पैशांचेही पाहावे. प्रबंधाच्या विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी मार्गदर्शकाच्या संशोधननिधीतून किंवा शिकवणीच्या कामातून काही रक्कम मिळते. नुसते पेपर देऊन पदवी घेणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. पुढे पीएच.डी. करायची असेल तर प्रबंधच उपयोगी पडतो. मात्र कोणाला संशोधनात रस नसेल, तर बिनप्रबंधाची पदवी घेण्यात कमीपणा नाही.

परदेशी जाणे जमले नाही तरी वाट बंद होत नाही. एम.बी.बी.एस.नंतर ३ वर्षांची एम.डी. (फिजिऑलॉजी) आणि फिजिओथेरपीची २ वर्षांची पदव्युत्तर पदवी, दोन्हींत आपल्याकडेही प्रबंध असतोच.

एजंटाचा फॉर्म मी उघडून पाहिला. तो बिनप्रबंधाच्या पदवीचा होता. मुलीला हे ठाऊकच नव्हते.

मी तिला विचारले, "पोरी, तुला मोजायचं काय आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझी मावशी ऊसतोडीला जाते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. दिवसभर. तिची नाडी खाली यायला किती वेळ लागतो, आणि तेवढी विश्रांती तिला मिळते का?"

वडील मुलीकडे पाहतच राहिले. मी म्हटले, "प्रश्न चांगला आहे. पण आधी मावशीला सगळं समजावून सांगायचं. ती 'नको' म्हणाली तर यंत्र पिशवीत ठेवून परत यायचं."

कर्जाच्या कागदावरची सही त्यांनी तूर्त थांबवली आहे. मुलगी प्राध्यापकांना पत्रे लिहिते आहे.

तेव्हा पालकांनो, फॉर्मवर सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विचारा. पदवी प्रबंधाची की बिनप्रबंधाची? आणि मुलीच्या किंवा मुलाच्या मनात प्रश्न कोणता? पहिल्याचे उत्तर विद्यापीठाकडून लेखी घ्या. दुसऱ्याचे घरीच, चहा घेताना मिळेल.