पहिली गाडी : घेण्याचा खर्च आणि पोसण्याचा खर्च

धंदा जरा सावरला, हातात चार पैसे शिल्लक राहू लागले की बहुतेक दुकानदार व कारागीर बांधवांच्या मनात पहिला विचार गाडीचा येतो. बाजारात जायचे, माल आणायचा, उधारी वसूल करायची, घरच्यांना गावी न्यायचे, या सर्वांसाठी गाडी हवी असे वाटते. ही इच्छा गैर नाही. परंतु गाडीचा भाव विचारणारे पुष्कळ आणि गाडी वर्षभर चालविण्याचा हिशेब मांडणारे थोडे, असे चित्र दिसते. दुकानातील भांडवल गाडीत गुंतले आणि ऐन हंगामात माल भरण्यास पैसा उरला नाही, तर तीच गाडी धंद्याला जड जाते. म्हणून या लेखात आपण वाहन शिकण्यापासून ते वाहन पोसण्यापर्यंतचा खर्च क्रमाक्रमाने पाहू या.

परवान्याचा खर्च

सरकारी फी मुळीच जास्त नाही. २०१६ च्या अखेरीस केंद्रीय नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार शिकाऊ परवान्यास १५० रुपये व त्याच्या परीक्षेस ५० रुपये, तसेच पक्क्या परवान्याच्या चाचणीस ३०० रुपये व परवाना देण्यास २०० रुपये अशी फी आहे. म्हणजे एका वर्गाच्या वाहनासाठी एकूण ७०० रुपये. कार्ड, टपाल वगैरेंची किरकोळ रक्कम वेगळी. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. वय ४० च्या पुढे असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो.

खरा खर्च होतो तो शिकण्यावर. ड्रायव्हिंग स्कूलची फी गावागणिक वेगळी असते. ती भरण्यापूर्वी एकच प्रश्न जरूर विचारावा, "यात शिकवण्याचे किती आणि लायसन्सचे किती?" दोन्ही आकडे वेगळे लिहून घ्यावेत. ७०० रुपयांच्या फीपोटी किती घेतले जाते ते त्यामुळे लगेच ध्यानात येते. नियमानुसार हलक्या मोटारीचे शिक्षण किमान २१ दिवसांचे असून त्यात प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे किमान १० तास हवेत. चार-सहा फेऱ्या मारून परवाना हातात देणारा स्वस्त पडतो असे वाटते. पण पुढे क्लच जाळून आणि बंपर ठोकून तेवढे पैसे गॅरेजमध्ये जातातच, शिवाय जिवाचा धोका असतो तो निराळाच.

दुकानात मदत करणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या हाती चावी देण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. "जवळच तर जायचे आहे" ही सबब तेथे चालत नाही.

मोटार की मालाची गाडी?

गाडी धंद्यासाठीच हवी असेल तर हा प्रश्न आधी सोडवावा. जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते. चालकासह १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवर मात्र सामान्य दुकानदारास ती मिळत नाही, मग गाडी दुकानाच्याच नावावर का असेना. कंपोझिशन योजनेत असणाऱ्यास दोन्हींवर वजावट नाही. नवी गाडी घेताना हा फरक मोठ्या रकमेचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. परंतु वजावट न मिळणारे १८ टक्के खिशातूनच जातात.

परवान्याबाबत अनेकांना शंका असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केले आहे की, हलक्या मोटारीचा परवाना असणारा ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवू शकतो. तेव्हा लहान टेम्पोसाठी निराळ्या परवान्याची गरज नाही. मात्र अशा गाडीस फिटनेसचा दाखला लागतो. पहिली ८ वर्षे तो दर २ वर्षांनी व पुढे दरवर्षी घ्यावा लागतो. हा खर्च व त्यात मोडणारे दिवस हिशेबात धरावेत.

खासगी नंबरच्या मोटारीतून भाड्याने माणसे किंवा माल नेऊ नये. तसे करताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करण्याचा संभव असतो.

विमा

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीच्या मोटारीस ३,४१६ रुपये पडतात. कर वेगळा. या विम्यातून आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होते ते भरून मिळते, आपल्या गाडीचे नाही. आपली गाडी चोरीस गेली, पुरात बुडाली, ठोकली गेली तर त्यासाठी सर्वंकष विमा घ्यावा लागतो. ज्यांची बरीच शिल्लक गाडीत गेली आहे त्यांनी येथे काटकसर करू नये.

जुनी गाडी घेताना

पहिली गाडी जुनी घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण नवशिक्याच्या हातून गाडीला ओरखडे पडतातच. पण पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे काय? असल्यास तो उतरल्याचा कागद मिळाल्याशिवाय व्यवहार करू नये. दुसरे, गाडीवर ई-चलन थकले आहे काय? तिसरे, गाडी १५ वर्षांच्या जवळ आली आहे काय? १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० रुपये झाली आहे. शिवाय ओळखीच्या मिस्त्रीला शंभर-दोनशे रुपये देऊन गाडी दाखवून घ्यावी.

व्यवहार होताच नाव बदलून घ्यावे आणि विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. विकणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्यावर दुसऱ्याने केलेल्या अपघाताची भरपाई येऊन पडू शकते.

महिन्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. समजा, एका कपडा व्यापाऱ्याने ३ लाख रुपयांस जुनी लहान पेट्रोल मोटार घेतली आणि ५ वर्षांनी ती दीड लाखास विकली. म्हणजे वर्षाला ३०,००० रुपयांची घट. विमा ८,०००, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून १५,०००, गाडी लावण्याच्या जागेचे ६,०००, पीयूसी व किरकोळ १,०००. वर्षाची बेरीज ६०,०००. याचा अर्थ पेट्रोलचा एक थेंबही न जाळता महिन्याला ५,००० रुपये लागले.

पेट्रोल १०० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १५ किलोमीटर धरू. महिन्याला ५०० किलोमीटर धावल्यास पेट्रोलचे सुमारे ३,३३३ रुपये, एकूण ८,३३३. म्हणजे किलोमीटरला साधारण १६ रुपये ६७ पैसे. तीच गाडी १००० किलोमीटर धावली तर किलोमीटरला ११ रुपये ६७ पैसे पडतात. आणि फक्त २०० किलोमीटर धावली तर ३१ रुपये ६७ पैसे! ज्याला महिन्यातून दोन-चारदाच बाहेर जायचे आहे त्याने रिक्षा, टेम्पो भाड्याने करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

याशिवाय एक खर्च असा आहे जो कोणत्याही पावतीवर दिसत नाही. तेच ३ लाख मालात असते, माल वर्षातून ४ वेळा फिरला असता आणि दर फेरीस सर्व खर्च वजा जाता ५ टक्के सुटले असते, तर वर्षाला ६०,००० मिळाले असते. म्हणजे महिन्याला आणखी ५,००० रुपये सोडून दिले. गाडीमुळे धंदा तेवढा वाढणार असेल तरच गाडी धंद्याची, नाहीतर ती घरखर्चाची बाब समजावी आणि घरखर्चाच्या शिलकेतूनच घ्यावी.

कर्जाचा मार्ग सोपा वाटतो. परंतु ३ लाख रुपये १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतल्यास महिन्याला सुमारे ६,६७३ रुपये हप्ता पडतो आणि सुमारे १ लाख रुपये व्याजात जातात. सूद टाळणे हा तर आपल्यासाठी ईमानाचा प्रश्न आहे, पण निव्वळ व्यापारी दृष्टीनेही हा सौदा महागच आहे. त्याऐवजी एक उपाय सुचवावासा वाटतो. गाडी घेण्यापूर्वी ६ महिने, गाडी आलीच आहे असे समजून दरमहा ८,००० रुपये वेगळे काढावेत आणि त्यातूनच भाड्याच्या वाहनाचा खर्च करावा. दुकानाची उधारी न थकता, माल न तुटता हे जमले, तर गाडी पोसण्याची ताकद आपल्यात आहे असे समजावे. न जमल्यास कोणतेही नुकसान न होता उत्तर मिळाले, आणि वेगळी काढलेली रक्कमही आपल्याच हाती राहिली.

गाडी आल्यावर तिच्यासाठी एक स्वतंत्र वही ठेवावी. पेट्रोल, दुरुस्ती, टोल आणि दर महिन्याचे किलोमीटर तिच्यात लिहावेत. दुकानाच्या गल्ल्यातून गाडीला आणि गाडीच्या नावावर घराला पैसे जाऊ लागले की धंद्याचा खरा नफा कोणालाच कळेनासा होतो. दुकानाचा हिशेब ज्या काटेकोरपणे आपण ठेवतो तेवढाच गाडीचा ठेवला, तर गाडी दुकानाला खाणार नाही, त्याच्या उपयोगी पडेल.