जुन्या रायफलीची जन्मपत्रिका

आलापल्लीच्या अरण्यप्रदेशात बाबूराव शेडमाके यांचे नाव आदराने घेतले जाते. इंग्रजांविरुद्ध उठाव केल्यावरून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यास फाशी झाली. एखादी जुनी लष्करी रायफल त्याच लढ्यातील आहे, असे कोणी सांगितल्यास आम्ही विद्यार्थ्यांस म्हणू, आधी तिची रचना पाहा. त्या काळची एन्फील्ड नळीच्या तोंडातून भरीत. बोल्ट मागे ओढून भरावयाची ली-एन्फील्ड १८९५ साली सैन्यात आली. हिच्या दस्त्याजवळील लोखंडी भागावर मुकुट, कारखाना व साल ठसविलेले आढळते. नळी व बोल्ट यांवरील क्रमांक जुळल्यास ते भाग बहुधा मूळचेच होत. परवान्यावाचून असे शस्त्र बाळगणे मात्र गुन्हा होय. खोट्या पुराव्याने थोर पुरुषाची कीर्ती वाढत नाही.