हा घरचा मामला नव्हे



आम्ही शाळेत मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. चौथीतली एक मुलगी वर्गात पेंगत असे. एक दिवस आम्ही तिला रागे भरलो. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, रात्री बाबा आईला मारतात. मग झोप येत नाही."

आम्ही गप्प बसलो. नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं, असे आम्हांला वाटले. पुढे ती मुलगी शाळेतून गेली. पुन्हा दिसली नाही. आमची ती चूक झाली. तुमची होऊ नये म्हणून हा धडा.

बाईमाणसाचे घरातल्या छळापासून रक्षण व्हावे म्हणून २००५ साली संसदेने कायदा केला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. तो बायकोसाठी आहे, तसाच घरातली आई, बहीण, विधवा भावजय यांच्यासाठीही आहे.

छळ म्हणजे नुसती मारहाण नव्हे. मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे, तिची मजुरी हिसकावून घेणे, खर्चाला पैसे न देणे, तिच्यावर शरीराची जबरदस्ती करणे, हाही छळच.

बाया म्हणतात, "घर त्यांच्या नावावर. मी कुठं जाऊ?" पण घर कोणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे. तिला असेच हाकलून देता येत नाही. कोर्ट मारहाण थांबवण्याचा हुकूम देते. तिचा व मुलांचा खर्च द्यायला लावते. वेळ पडली तर छळणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगते. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दाद कुठे मागावी? सरकारने यासाठी संरक्षण अधिकारी नेमले आहेत. ते हकीकत लिहून घेतात व कोर्टाकडे पाठवतात. दवाखाना, निवारा यांची सोयही करतात. बाईला वकील फुकट मिळतो.

आणि शेजाऱ्याने काय करावे? कायदा म्हणतो, खबर कोणीही द्यावी. खऱ्या मनाने खबर दिली तर देणाऱ्यावर बालंट येत नाही. मात्र आधी त्या बाईला एकटीला गाठून विचारा, "बाई, तुला काय हवं?" तिचे बोलणे चावडीवर नेऊ नका. पण जिवावर बेतले असेल तर थांबू नका. लगेच पोलिसांना कळवा.

आता हे दोन आकडे वहीत मोठ्या अक्षरांत लिहा:

१८१ – बायांच्या मदतीचा फोन
११२ – पोलिसांचा फोन

लिहिलेत? आता ज्या शेजारणीला वाचता येत नाही, तिला ते तोंडपाठ करून द्या.