सैनिकी सेवेबद्दलचं खोटं : मुलांशी कसं बोलावं?



आजचा विषय पाठ्यपुस्तकात कुठे नाही, पण वर्गात मात्र कधी ना कधी येतोच. सैन्यातल्या सेवेबद्दल खोटं बोलणं, किंवा जे खरं आहे ते फुगवून सांगणं. माझ्या वर्गात तो आला तेव्हा मी गडबडले. म्हणून जरा शोधाशोध केली, वाचलं, आणि ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

प्रसंग असा. आठवीच्या मुलांना 'माझे बाबा' या विषयावर दहा-बारा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलाने लिहिलं, 'माझे बाबा कमांडो आहेत. त्यांनी सीमेवर सहा अतिरेकी मारले.' मी ते वर्गात वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. महिनाभराने त्याचे बाबा सुट्टीवर आले आणि पालकसभेला हजर राहिले. मी कौतुकाने सगळ्यांसमोर म्हटलं, "हे आपले कमांडो बरं का!" त्यांचा चेहरा उतरला. सभा संपल्यावर ते मागे थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी कमांडो नाही. मी लंगरात असतो, आचारी आहे. पोरानं असं लिहिलंय हे मला ठाऊक नव्हतं." मुलगा दाराशी मान खाली घालून उभा होता.

आधी मला मुलाचाच राग आला. घरी जाताना मात्र एक गोष्ट आठवली. प्रजासत्ताक दिनाचा पाहुणा ठरवताना मीच वर्गात विचारलं होतं, "कुणाचे बाबा, काका फौजेत आहेत? नुसते फौजेत नकोत हं, लढाई केलेले पाहिजेत." तेव्हा या मुलाने वर केलेला हात खाली घेतला होता.

एका प्राध्यापकाचं खोटं

असं फक्त आठवीतली मुलंच करतात का? नाही. जोसेफ एलिस हे अमेरिकेतले नावाजलेले इतिहासकार. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या माउंट होल्योक या मुलींच्या कॉलेजात ते शिकवत. अमेरिकेच्या संस्थापक पिढीवरच्या त्यांच्या पुस्तकाला २००१ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी जून महिन्यात 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्राने एक बातमी छापली.

व्हिएतनाम युद्धावरचा विषय शिकवताना एलिस मुलींना सांगत, की मी स्वतः तिथे पॅराट्रूपर तुकडीत होतो. प्रत्यक्षात ते व्हिएतनामला कधी गेलेच नव्हते. १९६९ पर्यंत ते येल विद्यापीठात शिकत होते. त्यानंतर १९७२ पर्यंत सैन्याच्या सेवेत होते खरे, पण वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इतिहास शिकवायला. बातमी आल्यावर त्यांनी माफी मागितली. कॉलेजने त्यांना वर्षभर बिनपगारी निलंबित केलं.

आता यात आपण शिक्षकांनी थांबून बघण्यासारखं काय आहे? या माणसाने गणवेश घातला होता. उद्याच्या अधिकाऱ्यांना इतिहास शिकवणं ही सैनिकी सेवाच आहे. म्हणजे सांगायला खरी गोष्ट त्यांच्याकडे होती. पण 'मी फौजेत मास्तर होतो' हे वर्गापुढे म्हणायला त्यांना कमी वाटलं असावं. माझ्या विद्यार्थ्याला 'बाबा आचारी आहेत' हे कमी वाटलं, तसंच.

वय मात्र वेगळं, आणि जबाबदारीही. मुलाचं खोटं वर्गाच्या दारापर्यंत गेलं. प्राध्यापकाच्या खोट्याला इतिहासाचा आधार मिळाला, कारण 'मी पाहिलंय' असं शिक्षक म्हणाले की विद्यार्थी पुरावा मागत नाहीत.

लोक असं का करतात?

सगळी खोटी एका तागडीत तोलू नयेत. मला साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, पोटासाठी. वॉल्टर विल्यम्स नावाचे टेक्सासमधले एक वृद्ध गृहस्थ १९५९ साली वारले. आपण ११७ वर्षांचे आहोत आणि अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलो, असं ते सांगत. त्या युद्धातला अखेरचा जिवंत सैनिक म्हणून त्यांची कीर्ती झाली होती. ते गेले तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. पण त्याच्या काही महिने आधीच एका पत्रकाराने जुनी जनगणना उघडून बघितली होती. विल्यम्स यांनी सैनिकी पेन्शनसाठी अर्ज केला होता तो १९३२ साली, म्हणजे महामंदीच्या काळात. हातातोंडाची गाठ पडत नव्हती तेव्हा बोललेलं खोटं पुढे जन्मभर सांभाळावं लागलं असेल का? असा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

दुसरा, मानासाठी. कॅलिफोर्नियात झेवियर अल्वारेझ हे एका पाणीपुरवठा मंडळावर निवडून आले. २००७ साली बैठकीत ओळख करून देताना ते म्हणाले, की मी २५ वर्षं मरीन दलात होतो आणि मला 'मेडल ऑफ ऑनर' मिळालंय. हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. यातलं काहीच खरं नव्हतं. ते सैन्यात एक दिवसही नव्हते.

तिसरा, फसवणुकीसाठी. हा आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 'मी जवान आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात विकतोय' असा फोन येतो. सोबत गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र. जवान म्हटलं की आपण निःशंक होतो आणि आगाऊ पैसे पाठवून मोकळे होतो. इथे चोरी पैशांची तर होतेच, पण खऱ्या जवानांवरच्या विश्वासाचीही होते.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत अशा लोकांसाठी कायदा झाला होता. पदक मिळाल्याचं नुसतं खोटं सांगितलं तरी तो गुन्हा. अल्वारेझ यांच्यावर याच कायद्याखाली खटला झाला. पण २०१२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द ठरवला. मुख्य निकालपत्राचा सूर असा, की खोट्या बोलण्यावरचा उपाय म्हणजे खरं बोलणं. सरकारने पदकविजेत्यांची यादी सर्वांसाठी खुली केली, तर असं खोटं आपोआप उघडं पडेल. मग २०१३ मध्ये नवा कायदा आला. त्यात पैसा, मालमत्ता किंवा असाच ठोस फायदा मिळवण्यासाठी खोटं पदक सांगणं गुन्हा ठरलं.

आपल्याकडे भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ आहे. पूर्वी ते दंड संहितेचं कलम १४० होतं. सैनिक नसताना, लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने तसा गणवेश किंवा चिन्ह वापरलं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यात 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. स्नेहसंमेलनात जवान झालेला आपला पाचवीतला गडी कुणाला फसवत नसतो, तेव्हा पालकांनी घाबरून जाऊ नये!

खात्री करावी, पण अपमान न करता

शाळेत पाहुणे बोलावताना थोडी काळजी घेतलेली बरी. काही साध्या गोष्टी :

१. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधा. माजी सैनिकांशी गाठ घालून द्यायला ते योग्य ठिकाण आहे.

२. शौर्यपदकांची नावं जाहीर असतात आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. परमवीर चक्र आजवर फक्त २१ जणांना मिळालंय, त्यातले १४ मरणोत्तर. एवढी माहिती असली तरी कुणी मोठा दावा केला की आपण सावध होतो.

३. 'माझं काम गुप्त होतं, सांगता येत नाही' असं म्हणून लगेच पुढे तासभर त्याच कामाच्या कहाण्या सुरू झाल्या, तर मनात खूण करून ठेवा.

४. कागद नाही म्हणजे माणूस खोटा, असं मात्र समजू नका. अमेरिकेत सेंट लुईस इथल्या सैनिकी अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तिका जळाल्या. या आगीमागे खोटारड्यांना लपायला जागा मिळाली, आणि खऱ्या सैनिकांना आपली सेवा सिद्ध करताना नाकीनऊ आले.

५. ऐंशी वर्षांच्या आजोबांची तारीख चुकली, गावाचं नाव चुकलं, तर ते खोटं नव्हे. ते वय आहे.

वर्गात घ्यायचा उपक्रम (आठवी ते दहावी, एक तासिका)

फळ्यावर एवढंच लिहा : 'विल्यम्स यांचा दावा : जन्म १८४२. युद्ध : १८६१ ते १८६५. जनगणना १८६० : वय ५ वर्षे.' आणि मुलांना सोडवू द्या.

दावा खरा मानला, तर युद्ध सुरू होताना वय किती? साधारण १८. जनगणना खरी मानली, तर? ६. आणि युद्ध संपताना? १०. मग १९५९ साली मृत्यूच्या वेळी खरं वय किती असेल? १०४ च्या आसपास. मुलं बोटांवर हिशेब करतात आणि एकदम ओरडतात, "मॅडम, हा तर दुसरीतला पोरगा!"

मग पुढचे प्रश्न चर्चेला घ्या :

- जनगणनेवर विश्वास का ठेवावा? तिच्यात चूक असू शकते का?
- ११७ वर्षांच्या म्हाताऱ्याला कुणी काही विचारलं नाही, ते का?
- पेन्शनसाठीचं खोटं आणि मानासाठीचं खोटं, दोन्ही सारखीच का?
- यामुळे खऱ्या सैनिकाचं काय नुकसान होतं?

शेवटचा प्रश्न घाईत उरकू नका. माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळी खरे आजोबा सांगतील तेव्हा आपण हसू." मला जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं.

आणि पालकांसाठी

मूल फुगवून सांगत असेल तर चारचौघांत उघडं पाडू नका. पण टाळ्याही वाजवू नका. एकांतात विचारा, "बाबा सकाळी उठल्यापासून काय काय करतात रे? मला सांग की." खरी माहिती मागितली की मूल हळूहळू खऱ्यावर येतं. आणि सैन्यातली कामं घरी नीट समजावून सांगा. वाहनचालक, परिचारिका, सिग्नलवाले, पूल बांधणारे, स्वयंपाकी. यांच्याशिवाय पुढची फळी एक आठवडाही टिकणार नाही.

रामा राघोबा राणे यांचं उदाहरण जरूर द्या. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. या दलाचं केंद्र आपल्या खडकीला आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी मार्गावर, शत्रूच्या माऱ्याखाली, त्यांनी सुरुंग काढले, अडथळे हटवले आणि रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. परमवीर चक्र त्यांना या कामासाठी मिळालं. किती शत्रू मारले, हा हिशेब त्यात कुठे नाही.

आमच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "लढाई केलेलेच पाहिजेत असं मी म्हणाले, ते माझं चुकलं." तो काही बोलला नाही. पण सुट्टी संपायच्या आत मी त्याच्या बाबांना वर्गावर बोलावलं. ते संकोचत आले. मग त्यांनी सांगितलं, की डोंगरात उंचावर पाणी लवकर उकळतं, पण डाळ काही शिजत नाही. साडेचार हजार मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळतं, कुकरशिवाय इलाज नाही. पहाटे तीनला उठून बर्फ वितळवायचा, गस्तीवरून येणाऱ्या पोरांच्या हातात गरम चहा पडलाच पाहिजे. विज्ञानाच्या तासाला जे मी दोनदा शिकवलं होतं, ते मुलांना त्या दिवशी कळलं.

"उकळलेलं दिसतं, पण शिजलेलं नसतं, त्यामुळं झाकण काढायची घाई करायची नाही," ते म्हणाले. एकाने विचारलं, "काका, तुम्ही बंदूक चालवलीय का?" ते हसले, "चालवता येते. सगळ्यांनाच शिकवतात. पण माझं काम कढईवर."

मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. बाबा निघाले तेव्हा त्यांची पिशवी त्याने घेतली आणि फाटकापर्यंत सोबत गेला.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलं काय म्हणाली ते जरूर कळवा.