छोटा धंदा : अंगी हवेत असे काही गुण

बँकेत आमच्या काऊंटरवर धंद्याच्या कर्जाची चौकशी करायला तरुण येतात. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते. तेव्हा भांडवल हीच एकमेव अडचण आहे, असे आता म्हणता येत नाही. मी त्यांना दोनच गोष्टी विचारतो : रोजचा गल्ला किती आणि त्यातला घरखर्चाला किती जातो? पहिल्याचे उत्तर बहुतेकांकडे असते, दुसऱ्याचे क्वचितच.

माझ्या धाकट्या भावाने घाटकोपरला स्टेशनरीचे दुकान काढले होते. मुलगा कष्टाळू, बोलायला गोड. पण गल्ला आणि घरचा डबा एकच. शिवाय गिऱ्हाईक म्हणजे आपलीच माणसे, नाही म्हणणार कसे? हिशोब पाहा. 100 रुपयांचा माल 115 ला विकला तर 15 रुपये सुटतात. तोच माल उधारीत बुडाला, तर गेलेले 100 रुपये भरून काढायला आणखी सात रोखीची गिऱ्हाईके लागतात. भाडे आणि विजेचे बिल वेगळेच. शेवटी तो घाऊक व्यापाऱ्याची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने घरी येऊ लागला. माझ्या मते दुकान त्या दिवशी बुडाले. उधारीने ते फक्त आजारी पडले होते.

देणेकऱ्याने तोंड चुकवू नये, हा गुण पुस्तकात फारसा सापडत नाही. श्रीमती कल्पना सरोज यांच्याकडे तो दिसतो. अकोला जिल्ह्यातून आलेल्या या बाई मुंबईत होजिअरीच्या कारखान्यात रोज दोन रुपयांवर काम करीत. पुढे शासकीय योजनेतून 50 हजारांचे कर्ज घेऊन त्यांनी फर्निचरचा धंदा केला. कुर्ल्याची कमानी ट्यूब्स त्यांनी हाती घेतली, तेव्हा तिच्यावर सुमारे 116 कोटींचे कर्ज होते. त्या बँकांपुढे जाऊन बसल्या, बोलल्या आणि दंड व व्याज माफ करवून घेतले. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढी मोठी उडी सर्वांना जमेल असे नाही. पण थकलेल्या हप्त्याबद्दल साहेबांना आधीच येऊन सांगणे कोणालाही जमते. सांगणाऱ्याला मुदत मिळण्याची शक्यता असते, लपणाऱ्याला नोटीस जाते.

भाऊ आता नोकरी करतो. त्याची उधारीची वही माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर सर्वांत वर माझेच नाव आहे, 340 रुपये. दुकान बंद झाल्यावर मी ते दिले.